चौफेर बंडी

मगदूमांच्या घरात जेवायला सगळे एका ओळीत बसत आणि तेही छतातल्या दिव्याकडे छाती काढून. दुसऱ्या काळातला कोणी आला असता तर त्याला वाटलं असतं, ही मंडळी फोटो काढून घ्यायला बसली आहेत. मान मागे, छाती वर, हात अंदाजाने ताटाकडे. त्यामुळे आमटीचे थेंब छातीवर पडत आणि इचलकरंजीतल्या धोब्यांना ते पाठ झाले होते.

पण याला मगदूमांचा नाइलाज होता. तसा तो सगळ्या जगाचाच होता. रेडिओलहरींची हवेत इतकी गर्दी झाली होती, की आठवडी बाजारात जसं समोरच्याचं बोलणं ऐकू येत नाही तसं यंत्रांना एकमेकांचं बोलणं ऐकू येईनासं झालं होतं. शेवटी घरांतून, कचेऱ्यांतून, दवाखान्यांतून रेडिओलहरी बंद करण्यात आल्या आणि ते काम दिव्यांकडे आलं. खोलीतला साधा दिवा सेकंदाला कोट्यवधी वेळा कमीजास्त होतो. आपल्या डोळ्यांना ते कळत नाही, आपल्याला तो स्थिर तेवताना दिसतो. पण त्या लुकलुकण्यात बातम्या असतात, निरोप असतात, बाजारभाव असतात. या दिव्यांना लोक 'बोलके दिवे' म्हणत. दिव्याचं बोलणं पकडायला छातीवर रुपयाएवढी चकती लावायची, तिचं नाव 'झेलणी'. झेलणीने झेललेलं कानातल्या मण्यात ऐकू येई. आणि आपल्याला काही पाठवायचं असेल तर ओठ न हलवता घशातल्या घशात पुटपुटायचं. गळ्यातली पट्टी ते टिपायची आणि खांद्यावरची बारीक 'ठिणगी' ते न दिसणाऱ्या उजेडात छताकडे पोचवायची. दिवा ते ज्याचं त्याला पोचतं करी. अशा निरोपाला नाव पडलं 'पुटपुट'. शेजारी बसलेल्यालाही न कळता समोरच्याशी बोलता येई, ही पुटपुटीची मोठी मौज होती.

झेलणीत एकच खोट होती. तिला फक्त नाकासमोरचं दिसे. जरा कूस बदलली, पाठ फिरवली, की संबंध तुटला.

धनपाल मगदूमांना ही खोट कधी खोट वाटलीच नाही. ते यंत्रमागांचे मालक, सूतगिरणीचे संचालक, पोटाने भरलेले आणि मनाने मोकळे. नको असलेला निरोप आला की ते दिव्याकडे पाठ करून खिडकीतून बाहेर बघत. "मला मिळालाच नाही बघा," असं मग खुशाल सांगता येई. गावात त्यांची कीर्ती मात्र यंत्रमागांपेक्षा विनोदांमुळे जास्त होती. निदान त्यांची स्वतःची तशी समजूत होती. बारसं असो, सत्कार असो, गिरणीची वार्षिक सभा असो, धनपाल उभे राहिले की लोक सरसावून बसत. विनोद संपला की बरोब्बर त्याच क्षणाला, एकाही माणसाची चूक न होता, सगळे हसत. इतकं एकसाथ हसणं दुसऱ्या कोणाच्या वाट्याला येत नाही, हे धनपालांनी ताडलं होतं. त्यांनी त्याचा अर्थ आपल्या परीने लावला होता.

एका सकाळी त्यांची भाची त्रिशला पुण्याहून आली. त्रिशला चौगुले प्रकाशशास्त्रातली डॉक्टर. तिच्या हातात धाग्याचं एक रीळ होतं. धागा पोपटी, पारदर्शक, आणि त्याची टोकं तेवढी ठिणगीसारखी चमकणारी.

"मामा, याचं कापड विणून पाहिजे. तुमच्या मागावर."

धनपालांनी धागा चिमटीत धरला. "नायलॉन हाय का काय हे?"

"प्लास्टिकच आहे, पण आतला रंग महत्त्वाचा. हे कापड म्हणजे झेलणी आहे. चारी बाजूंनी बघणारी."

"सध्याची झेलणी काय वाईट हाय? मला तर तिचं लई बरं वाटतं."

त्रिशला त्यांच्या समोर बसली. मामाला समजावणं हा तिच्या लहानपणापासूनचा छंद होता. "मामा, वेगाने लुकलुकणारा उजेड टिपायचा तर झेलणीचा डोळा मोहरीएवढा बारीक असावा लागतो. डोळा मोठा केला की तो सुस्त होतो, पोट भरलेल्या माणसासारखा."

"माझ्याकडं बघून बोलू नगंस."

"बारीक डोळ्यात उजेड थोडाच मावतो. म्हणून पुढे भिंग लावायचं, उजेड गोळा करून त्या डोळ्यात सोडायचा. पण निसर्गाचा नियम असा, की भिंग जितका जास्त उजेड गोळा करील तितकी त्याची नजर अरुंद होते. गोळा तरी करा, नाहीतर चौफेर तरी बघा. दोन्ही एकदम मिळत नाही."

"मग तुला कसं मिळालं?"

"मासे पकडायचा सापळा बघितलाय ना तुम्ही, पंचगंगेवर? आत यायला वाट असते, पण..."

"त्रिशला!" धनपालांनी हात वर केला. "जैनाच्या घरात बसून माशाची उपमा? तुझी मामी ऐकंल."

"बरं, राहिलं. लग्नाचा मांडव घ्या. मांडवाला चारी बाजूंनी वाटा आहेत. पाहुणा कुठूनही आत येतो. आत आला की लगेच त्याला फेटा बांधायचा. आणि दारावरच्या माणसांना सांगून ठेवायचं, फेटेवाल्याला बाहेर सोडायचं नाही. मग तो कुठे जाईल?"

"पंगतीला."

"झालं! उजेड या धाग्यात कुठूनही शिरतो. आतला रंग त्याला गिळतो आणि दुसऱ्या रंगाचा करून ओकतो. निळा आला, हिरवा झाला. तो फेटा. हा हिरवा उजेड बहुतेक करून धाग्याच्या भिंतीवर आपटून पुन्हा आतच येतो आणि धाग्यातून धावत टोकाला जातो. टोकाला मी बारीक, चलाख डोळा बसवलाय. उजेडाने रंग बदलला म्हणून भिंगाचा नियम त्याला लागू होत नाही. माझं सगळं संशोधन म्हणजे फेटा झटपट कसा बांधायचा, एवढंच. उशीर लागला तर मागचा पाहुणा पुढच्यावर आदळतो, आणि निरोपाचा काला होतो."

धनपालांना हे मनापासून आवडलं. विज्ञानात इतकं लग्नकार्य असतं हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. "झकास हाय, खरं हे पाहिजे कुणाला? माणसाला पाठ फिरवायची सोय नको व्हय?"

त्रिशला जराशी गंभीर झाली. "दवाखान्यात पाहिजे, मामा. रोग्याच्या हृदयाचे ठोके छातीवरची झेलणीच नोंदवते, आणि काही बिघडलं तर दिव्याला कळवते. सुईतून औषध किती सोडायचं तेही दिवाच तिला सांगतो. पुण्याला एका दवाखान्यात एक आजोबा रात्री कुशीवर वळले. बस्स, तेवढंच. झेलणी गादीकडे, दिवा वर. नर्सच्या खोलीत काही कळलंच नाही. याच कापडाचा अंगरखा त्यांच्या अंगात असता तर ते कसेही झोपले असते तरी चाललं असतं."

धनपाल उठले. रीळ घेऊन ते मागाच्या खोलीत गेले.

धागा वळणावर तुटे. ताण कमी केला तर सैल पडे. पण शेवटी कापड निघालं, आणि शिंप्याने त्याची एक बिनबाह्यांची बंडी शिवली. पोपटी बंडी, आत बारीक डोळ्यांची किनार, खिशात त्रिशलाची एक लहानशी पेटी. कुठल्या बाजूने काय आलं हे निवडायचं काम त्या पेटीचं.

"रविवारी चंदनाला बघायला जयसिंगपूरचे पाहुणे येणार आहेत ना?" त्रिशला म्हणाली. चंदना म्हणजे धनपालांची एकुलती एक मुलगी. "तेव्हा घाला. खोलीत माणसं असली, हालचाल असली, की खरी परीक्षा होते. मी आतल्या खोलीत पडद्यावर बघत बसते. तुम्ही फिरा, वळा, वाका, काही करा. दिव्याचं बोलणं तुटता कामा नये."

"म्हणजे पाठ करून बसलो तरी?"

"तरीसुद्धा."

रविवारी पाहुणे आले. बाबगोंडा पाटील, त्यांच्या पत्नी आणि मुलगा सुकुमार. जय जिनेंद्र झालं, पाणी झालं, शेंगांच्या पोळ्या आल्या. पाटलांनी बंडीकडे दोनदा बघितलं. धनपाल म्हणाले, "भाचीचं संशोधन हाय." पाटील म्हणाले, "रंग उठावदार हाय." आणि सगळे दिव्याकडे छाती काढून ओळीने बसले.

धनपाल मात्र मुद्दाम आडवे बसले. दिवा पाठीशी होता तरी मण्यात कापसाचा भाव स्पष्ट ऐकू येत होता. त्यांना भाचीचा अभिमान वाटला. अभिमान वाटला की त्यांना विनोद सुचे. त्यांनी घसा खाकरला.

"पाव्हणं, तुम्हाला आमच्या बाजारातल्या म्हशीची गोष्ट म्हाईत हाय का?"

त्याच क्षणी त्यांच्या कानात, कापसाच्या भावावर चढून, त्यांच्या बायकोचा आवाज आला. शांत, सराईत, गिरणीतल्या मुकादमासारखा.

"म्हशीची सुरू झाली. पाव्हणं, माफ करा. जरा लांब हाय. शेवटी म्हैस बोलते, तेव्हा हसायचं. त्याआधी नको."

धनपालांनी सुलोचनाबाईंकडे बघितलं. त्या पदर सावरून, डोळे दिव्याकडे लावून बसल्या होत्या. ओठ मिटलेले.

"असू दे की वैनी," पाटलांचा आवाज कानात आला. "आमच्या घरी बी हीच तऱ्हा. आमची ही गाणं म्हणते."

"मी कधी म्हणते हो?" हा पाटलीणबाईंचा आवाज.

"बाबा जोरात हसले की तुम्हीही जोरात हसा," चंदनाची पुटपुट आली. "सुकुमार, तू मागच्या वेळी कमी हसलास."

मागच्या वेळी? धनपालांच्या हातातली पोळी ताटात पडली. ही मुलं आज पहिल्यांदा भेटत होती, अशी त्यांची माहिती होती.

आता काय झालं ते सांगायला हवं. सुलोचनाबाईंच्या ठिणगीतला उजेड छताकडे जात होता, पण उजेड काही ताठ काठीसारखा जात नाही. तो फाकतो. भिंतीवर आपटतो, स्टीलच्या ताटांवरून उडतो, पाटलांच्या पांढऱ्याशुभ्र सदऱ्यावरून परततो. तो सगळ्या खोलीभर सांडत होता, पहिल्यापासूनच सांडत होता. फक्त झेलण्यांची नजर अरुंद, ती छताला लागलेली, म्हणून त्यांना तो दिसत नव्हता. पुटपुटींना कुलूप घालायची सोय होती, पण कुलूप घातलं की त्या रेंगाळत पोचत आणि गंमत जाई. 'भिंत हेच कुलूप' अशी दिवेवाल्यांची जाहिरातच होती. उजेड भिंतीबाहेर जात नाही, मग आपल्याच खोलीत आपल्याच माणसांपासून लपवायचं काय? बंडी मात्र चौफेर बघत होती, आणि आत शिरलेल्या कुठल्याही उजेडाला बाहेर सोडत नव्हती.

धनपालांनी एक दीर्घ श्वास घेतला. एखाद्या माणसाने अशा वेळी ओरडून गोंधळ घातला असता. धनपाल कलावंत होते. त्यांनी गोष्ट पुढे चालू ठेवली.

"तर म्हैस बाजारात उभी. गिऱ्हाईक आलं. म्हणालं, दूध किती देती? मालक म्हणाला, तांब्याभर. गिऱ्हाईक म्हणालं, खोटं बोलतोस."

"आता बोलणार," सुलोचनाबाई.

"तर... म्हैस काही बोलली नाही."

ताटाकडे जाणारे हात जागच्या जागी थांबले.

"म्हैस सरळ चालायला लागली," धनपाल म्हणाले. "बाजारातनं बाहेर. नदीच्या काठानं. लांबची लांब."

"ही कुठं निघाली?" सुलोचनाबाईंच्या पुटपुटीतली सराईतपणाची लय पहिल्यांदाच चुकली. "थांबा हं. अजून बोलली नाही."

"वैनी, थोडं हसू का? बरं दिसत नाही असं," पाटील.

"नको, नको. वाट चुकलेत ते. येतील."

पण धनपाल येईनात. त्यांनी म्हशीला शिरोळला नेलं. तिथून मिरजेला. मिरजेत ती दवाखान्याच्या रांगेत उभी राहिली. डॉक्टरांनी विचारलं, काय होतंय? इथे धनपाल थांबले, पाण्याचा घोट घेतला, एकेकाकडे बघितलं. पाटील अर्धवट तोंड उघडून सज्ज. पाटलीणबाईंनी पदर तोंडाशी नेलेला.

"आता! आता!" सुलोचनाबाई.

"म्हशीनं तोंड उघडलं," धनपाल म्हणाले, "आणि जांभई दिली."

सुकुमार खो खो हसला. एकटाच. मग कोणी हसत नाही हे बघून तो मध्येच थांबला आणि त्याला ठसका लागला. पाटील उशिरा हसले. त्यांना बघून पाटलीणबाई हसल्या, तोवर सुकुमार थांबला होता म्हणून चंदनाने हसू आवरलं. एकूण ते हसणं नादुरुस्त पंपासारखं धडपडत आलं आणि आचके देत बंद पडलं.

"मी उगाच हसलो का?" सुकुमार.

"तुझं बरोबर होतं बहुतेक," चंदना. "आई, म्हैस बोललीच नाही गं!"

"मला काय विचारतेस? इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. ह्यांना बरं नाही वाटतं."

शेवटच्या वाक्यात मात्र खरी काळजी होती, आणि धनपालांना तेच सगळ्यात जास्त लागलं.

पाहुणे गेले. लग्न ठरलं. ते दोन महिन्यांपूर्वीच ठरलं होतं, आजचा कार्यक्रम धनपालांच्या समाधानासाठी होता, हेही त्यांना निरोप घेता घेता पाटलांच्या पुटपुटीतून कळलं. आतल्या खोलीत त्रिशला पडद्यासमोर डोक्याला हात लावून बसली होती.

"मामा, माझं लक्षच गेलं नाही. मी फक्त दिव्याचा विचार केला. खांद्यांवरच्या ठिणग्यांचा केलाच नाही."

"म्हणजे हे सगळं पहिल्यापासनं हवेत होतं?"

"पहिल्यापासून. लोकांना वाटतं आपण कुजबुजतोय. खरं म्हणजे सगळे ओरडतच होते. ऐकणारा कान नव्हता इतकंच."

बंडी तिला परत द्यायला हवी होती. धनपालांनी दिली नाही. "अजून जरा परीक्षा घेतो," असं म्हणाले आणि तिच्याकडे न बघता बाहेर गेले. दुसऱ्या दिवशी ते बंडी घालून गिरणीच्या संचालकांच्या बैठकीला गेले. तिथून आले ते चेहरा पाडून. मग देवळाच्या समितीत गेले. मग न्हाव्याकडे. जिथे जातील तिथून ते थोडेसे लहान होऊन येत, तरी पुढच्या ठिकाणी जायची हाव सुटत नव्हती. खाज सुटलेल्या जागेसारखं झालं होतं. कोणी त्यांना वाईट म्हणत नव्हतं, हे विशेष. "चांगला माणूस आहे, जरा सांभाळून घ्या," असंच सगळे म्हणत. अख्खं गाव आपल्याला सांभाळून घेतंय, ही कल्पना ज्याने आजवर अख्ख्या गावाला हसवलं त्याला कशी सोसावी?

घरात त्यांनी विनोद करायचं सोडलं. शिवाय न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं द्यायला लागले. चंदना पुटपुटली की बाबांना चहात साखर कमी घाल, की हे मोठ्याने म्हणत, "जास्त घाल." तिसऱ्या वेळी सुलोचनाबाईंनी हातातला चमचा खाली ठेवला.

"काढा ती बंडी."

"का?"

"काढा म्हणते ना. आमचं चोरून ऐकताय तुम्ही."

"मी चोरून? आणि तू? तीस वर्षं माझ्यामागं हसा, थांबा, हसा, थांबा! मी काय बँडवाला हाय आणि तू काठी फिरवणारी?"

"पहिल्या वर्षी नाही केलं मी," सुलोचनाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज खाली आला. "पहिल्या वर्षी तुमच्या मावसभावाच्या बारशात तुम्ही विनोद सांगितला आणि कुणी हसलं नाही. घरी येऊन तुम्ही जेवला नाहीत. भिंतीकडं तोंड करून पडलात. मला बघवलं नाही. पुढच्या वेळी मी आधी शेजारणीला सांगून ठेवलं. तेव्हा दिवे बोलत नव्हते, कानात सांगावं लागायचं. वाईट वाटावं म्हणून केलं व्हय हे?"

धनपाल बंडीची किनार चाळवत राहिले.

"आणि तुम्ही हसता ना, स्वतःच्याच विनोदाला, सगळ्यांच्या आधी," त्या पुढे म्हणाल्या, "त्याला मी खरंच हसते. ते मला कुणी सांगावं लागत नाही."

धनपालांनी बंडी काढली, घडी घातली आणि त्रिशलाला फोन लावला. "ने ही. खरं मी ह्याचं कापड आता विणणार नाही. माणसाला पाठ पाहिजे, त्रिशला. पाठ नसलेला माणूस म्हणजे काय माणूस?"

पलीकडून त्रिशलाने ते ऐकून घेतलं. मग ती म्हणाली, "आणि कुशीवर वळणारे आजोबा?"

हा प्रश्न धनपालांना सोडेना. ते दोन दिवस माग सोडून अंगणात बसले. एका बाजूला कोणाचा तरी जीव. दुसऱ्या बाजूला काय, तर गावाचं खोटं हसणं. काट्यावर टाकलं तर पारडं कुठे झुकणार हे सांगायला वैज्ञानिक नको होता. शेवटी त्यांनी एक अट घातली. पुटपुटींना कुलूप हवं, सक्तीचं. दुसऱ्याची पुटपुट कोणाला कळता कामा नये. त्रिशलाने ती आनंदाने मान्य केली. तिने वेगवान कुलूप तयार केलं, सरकारने त्याचा नियम केला आणि मगदूमांच्या मागांवर पोपटी कापड धडाधडा निघू लागलं. दवाखान्यातले रोगी हव्या त्या कुशीवर झोपायला लागले. ही गोष्ट इथेच संपली असती तर किती बरं झालं असतं.

पण लोकांना बंडी दवाखान्याबाहेरही हवी झाली. ओळीने बसायला नको, मान मागे टाकायला नको, आमटी थेट तोंडात जाते! वर्षाच्या आत गावात झेलणी दिसेनाशी झाली. माणसं पुन्हा एकमेकांकडे तोंड करून जेवू लागली. आणि मग बाजारात कोणा हुशार पोरांनी बंडीत एक सुधारणा केली.

"मामा, कुलूप उघडत नाही ते," त्रिशला वैतागून सांगत होती. "निरोप काय आहे हे कोणालाच कळत नाही. पण निरोप आपला नाही हे ठरवायला तरी बंडीला तो आधी झेलावा लागतोच ना? बंद पाकीट का होईना, दारावरून गेलं हे दिसतंच. मी ते दाबून टाकलं होतं. या लोकांनी ते कानातल्या मण्याला जोडलंय. कोणी कोणाला पुटपुटलं की तुमच्या कानात टिक्. कुठल्या बाजूने गेलं तेही कळतं."

"मग त्यात काय बिघडलं? काय बोलले ते तर कळत नाही."

"तेच बिघडलं," त्रिशला म्हणाली.

आणि खरोखरच तेच बिघडलं. धनपालांनी निदान ऐकलं होतं, की लोक आपल्याला चांगला माणूस म्हणतात. आता लोकांना काहीच ऐकू येत नव्हतं, फक्त टिक् होत होती. बोलायला तोंड उघडावं आणि उजवीकडे टिक् व्हावी. नवी साडी नेसून खोलीत यावं आणि चारी बाजूंनी टिक् टिक् टिक्. काय म्हणाले असतील? ज्याच्या मनात जी भीती, ती त्या टिकेत जाऊन बसे. शिक्षकांच्या खोलीत भांडणं झाली. देवळाची समिती फुटली. कुरुंदवाडच्या एका नवरदेवाने बोहल्यावर तीन टिका मोजल्या आणि तो खाली उतरून चालू लागला. त्याची आई त्या वेळी फक्त अक्षता आणायला सांगत होती, हे नंतर कळलं.

मग लोकांनी पुटपुटणंच सोडलं. चारचौघांत पुटपुटणं हे थुंकण्यासारखं असभ्य ठरलं. आणि तरी माणसं होतीच, त्यांना एकमेकांना काही ना काही कळवायचं होतंच. ते ती कशी कळवतात याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

या सगळ्या धांदलीत लांबलेलं चंदनाचं लग्न शेवटी हातकणंगल्याच्या एका कार्यालयात झालं. पाचशेच्या वर माणसं, आणि प्रत्येकाच्या अंगात बंडी. कोणी जरीची लावलेली, कोणी साडीला जुळणारी. लग्न लागलं. पाटलांनी धनपालांच्या हातात माईक दिला. "पाव्हणं, दोन शब्द बोला की."

धनपालांनी नाही म्हटलं, पण लोकांनी सोडलं नाही. ते उभे राहिले. विनोद करायचा नाही, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. त्या दिवसानंतर त्यांनी एकही केला नव्हता. त्यांच्या अंगातही बंडी होती, आणि एवढ्या मोठ्या सभागृहात तिच्यातून एकसुद्धा टिक् येत नव्हती. पाचशे माणसं, पाचशे ठिणग्या, आणि सगळ्या विझलेल्या. त्यांना वाटलं, चला, आज सगळे खरं ऐकणार.

"माझी पोरगी," ते म्हणाले. "सकाळी उठली की आधी मागाच्या खोलीत यायची. आवाज ऐकायला. उद्यापासनं माग चालतील, खरं... दारात कोण नसंल."

पाचशे माणसं हसली.

एकदम. एकाच क्षणी. पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत, एकाही माणसाची चूक न होता, मान किंचित मागे टाकून.

धनपालांनी गोंधळून सुलोचनाबाईंकडे बघितलं. त्या हसत नव्हत्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि त्याही त्यांच्यासारख्याच घाबरून सभागृहाकडे बघत होत्या. त्यांनी काही केलं नव्हतं. कडेला उभ्या असलेल्या त्रिशलाला धनपालांनी खूण केली. ती आपल्या पेटीत बघत जवळ आली.

"कुणी पाठवलं?" त्यांनी माईकवर हात ठेवून विचारलं.

"कोणीच नाही, मामा. एकही निरोप गेलेला नाही. सगळं सभागृह अंधारासारखं गप्प आहे."

"मग हे खरंच हसले? ह्यात हसण्यासारखं काय होतं?"

त्रिशलाने पेटी पुन्हा पुन्हा तपासली. वैज्ञानिकाने उत्तर देण्याआधी खात्री करून घ्यावी, तशी. "खरंच हसले असतील," ती सावकाश म्हणाली. "किंवा मग तुम्ही थांबलात की हसायचं, हे कळायला यांना आता निरोप लागत नाही."

धनपालांनी समोर बघितलं. पाचशे चेहरे त्यांच्याकडे वळलेले होते, प्रेमळ, तयार, ओठांची टोकं एकाच उंचीवर उचललेली. कुठेही काही लुकलुकत नव्हतं. त्यांनी माईक तोंडाशी नेला. घाम पुसला.

"मंडळी," ते म्हणाले, "जेवल्याशिवाय कुणी जायचं नाही."

आणि सगळं सभागृह पोट धरून हसलं.